गुर्जींच्या कंपूटरवर चालला म्हंजे चालला

किन्हवलीत कुणाचंही लग्न लागलं, की थोड्या दिवसांनी बबनदादा माझ्या ओटीवर हजर. गळ्यात ताइतासारखा पेनड्राइव्ह. माझा कॉम्प्युटर न विचारता सुरू करायचा, नवरा-नवरी हलताना दिसली की मान डोलवायची आणि मग चहा मागायचा.

लग्नाचं शूटिंग हा त्यांचा धंदा. पण गिऱ्हाइकाला व्हिडिओ देण्याआधी त्याची परीक्षा माझ्याकडे. का, तर "गुर्जी, अख्ख्या गावात तुमच्याएवढा म्हातारा कंपूटर कुनाकडं नाय. ह्याच्यावर चालला म्हंजे कुटं पन चालल." माझा इतका मान निवृत्तीनंतर दुसऱ्या कुणी राखला नाही.

व्हिडिओची फाइल एमपी-फोर प्रकारातच द्यायची, हा त्यांचा गुरुमंत्र. मुरबाडच्या एका नवरदेवाने कुठलासा नवा, भारी प्रकार मागितला. दादा भडकले. "चित्र भारी, नि घरच्या कंपूटरवर नुसता काला पडदा! म्हाताऱ्यांनी काय आवाज ऐकून अक्षता टाकायच्या? एमपी-फोर घे. सगल्यांना दिसला पायजे!" नवरदेवाने मुकाट्याने घेतलं.

या वेडाचं मूळ मला गेल्या उन्हाळ्यात कळलं. दादा पेनड्राइव्हसोबत आईलाही घेऊन आले. गोदामावशी म्हणजे नावाजलेली धवलारीण, लग्नात धवले म्हणजे पारंपरिक लग्नगीतं गाणारी. त्यांचे धवले झाल्याशिवाय हळद अंगाला लागतच नाही, असं बायका म्हणत. पण घसा बसला तसं त्यांनी गाणं सोडलं. घरातसुद्धा गुणगुणत नसत. दादांनी आपल्या पहिल्या कॅमेऱ्यावर त्यांचं गाणं घेतलं होतं, पण ते अशा प्रकारात, की तो कॅमेरा मोडल्यावर गाणं कुठेच उघडेना. इतक्या वर्षांनी शहापुरात कुणीतरी ते एमपी-फोर करून दिलं होतं.

"चालल ना, गुर्जी?" दादांनी या वेळी पेनड्राइव्ह माझ्या हातात दिला. आईला तिचं गाणं एकदा ऐकवायचं, एवढीच त्यांची इच्छा.

चाललं! मांडव, हळद, बायकांच्या घोळक्यात गोदामावशी आणि तो खणखणीत आवाज. मावशी बघतच राहिल्या. "माजाच गला का रे ह्यो?"

आणि ऐन ओळीत माझा म्हातारा अडकला. चित्र गोठलं, आवाज बंद. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात ओटीवर एक घोगरा, फाटका आवाज उमटला. मावशी अर्धी राहिलेली ओळ पुरी करत होत्या. ती संपवून त्यांनी पुढची धरली.

मी घाईने माउसकडे हात नेला, तर दादांनी तो वरच्यावर धरला. डोळे भरले होते, चेहरा मात्र हसरा.

"ऱ्हाऊ द्या, गुर्जी," ते हळूच म्हणाले. "चाललाय."