मनोऱ्याखालचं गाऱ्हाणं

"वणवो बघूक डोंगरार कित्याक चढूचो? घरात चूल पेटवा नि बघा!" माझे सासरे, नाना, माझ्या कानाशी पुटपुटले.

मी लक्ष दिलं नाही. माझी योजना झकास होती! मुलुंडच्या मागच्या डोंगरावर ब्रिटिशांच्या काळातला मनोरा आहे. जंगलात कुठे वणवा लागलाय का, हे तिथून बघायचे. आमची लेक श्रुतिका आणि तिचा मित्र अनिरुद्ध वर चढतील, आम्ही खाली थांबू आणि वरच्या वाऱ्यात तो एकदाचा लग्नाचं विचारेल. कॉलेजपासून हा मुलगा दर रविवारी आमच्याकडे बांगडे खायला येतो. काटे इतके सफाईनं काढतो! पण लग्नाचा विषय निघाला की घशात काटा अडकल्यासारखा खोकतो. श्रुतिका गप्प. विचारलं आणि यायचाच बंद झाला तर, म्हणून आम्हीही गप्प.

दोघं वर गेली. इकडे नानांनी माझ्या पिशवीतून नारळ आणि कापूर काढला, आणि टोपीखालून माचिस!

"नाना! गेटवर काढून घेतात ना माचिस?"

"टोपीखाली कोण बघता?"

नव्या जागी गेल्यावर तिथल्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय नाना पाणीसुद्धा पीत नाहीत. कापूर पेटला.

"बा राखणदारा म्हाराजा! ह्या पोरांच्या मनात जा आसा, ता त्यांच्या तोंडात येवंदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" मी आणि आमचे हे सवयीनं ओरडलो.

तेवढ्यात वाऱ्यानं कापूर घरंगळला तो थेट वाळक्या पाल्यात. धूर निघाला. वर अनिरुद्ध म्हणे नेमका "श्रुतिका, मला ना..." इथवर आला होता. धूर बघितला आणि "आग! आग!" करत त्यानं मनोऱ्यावरची जुनी घंटाच बडवली! वनरक्षक विमलाबाई बादली घेऊन धावल्या. पाला, कापूर, नारळ आणि नाना, सगळं एकाच बादलीत विझलं.

"आजोबा, वणव्याच्या मनोऱ्याखाली आग लावता? कशासाठी पण?"

आम्ही सगळे आपापल्या चपला बघायला लागलो. धापा टाकत खाली आलेला अनिरुद्धसुद्धा. नाना टपटप गळत उभे. श्रुतिका त्यांचं डोकं ओढणीनं पुसायला लागली आणि मान न वळवताच म्हणाली, "अनिरुद्ध, लग्न करतोस का माझ्याशी? पटकन सांग यार, नाना भिजलेत."

अनिरुद्धनं हात जोडले.

"होय म्हाराजा!"

नाना विमलाबाईंकडे वळले. "बघलंस? मगे माझो कापूर कित्याक इझवलंस?"