धार तुटेपर्यंत

भाडेकरार संपत आला होता आणि संध्याकाळी घरमालक घर बघायला येणार होते. घर नीट ठेवलेलं दिसलं तरच करार पुढे चालू, असं त्यांनी फोनवर स्वच्छ सांगितलं होतं. भिंतीतला खिळा जिन्यातून ओळखणारा माणूस तो! सगळे भाडेकरू त्यांना माघारी 'भिंग' म्हणत.

घर तसं लख्ख होतं. फक्त पुढच्या दारावर, कपाट आत घेताना उठलेला हातभर ओरखडा होता. बायकोने त्याच हिरव्या रंगाचा डबा आणि ब्रश आणून नवऱ्यापुढे ठेवला.

"ओला असला तरी चालेल, पण ओरखडा दिसायला नको. लावा पटकन."

एखादा नवरा ब्रश बुडवून मोकळा झाला असता. पण हा रंगाच्या कारखान्यात तपासनीस होता. रंग किती दाट आहे हे न मोजता तो दाराला लावणं त्याच्या जिवावर आलं. त्याने कारखान्यातून साहेबांना विचारून एक छोटा धातूचा पेला आणला होता. पेल्याच्या बुडाला बारीक भोक. भोकावर बोट ठेवायचं, पेला काठोकाठ भरायचा, बोट काढायचं आणि खालच्या भांड्यात पडणारी धार तुटेपर्यंत सेकंद मोजायचे. वेळ जास्त लागला तर रंग दाट, कमी लागला तर पातळ.

"दार रंगवायचंय ना? की त्याची रक्ततपासणी करायचीय?" बायको म्हणाली.

"वीस सेकंदांच्या आसपास धार तुटली की झालं. तू फक्त घड्याळ बघ."

पहिल्या खेपेला रंग दाट निघाला. त्याने थिनर घातलं. दुसऱ्या खेपेला बायकोच्या बहिणीचा फोन आला आणि घड्याळ सुरूच झालं नाही. "मग आता परत? तुमचं तुम्ही मोजा बाई!" म्हणून ती उठली.

त्याने डाव्या मुठीत पेला धरला, त्याच हाताचं बोट भोकावर दाबलं आणि उजव्या हाताने काठोकाठ रंग ओतला. मग घड्याळ शोधायला क्षणभर पाठ फिरवली. तेवढ्यात बायकोने वासाला कंटाळून डब्याचं झाकण ठोकून बसवलं. खाली ठेवलेलं भांडं आपल्या स्वयंपाकघरातलं आहे हेही तिच्या आत्ताच ध्यानात आलं, आणि ते उचलून ती मोरीकडे गेली. तिथून परस्पर गच्चीवर, वाळलेले कपडे आणायला.

तो वळला. खाली नुसती फरशी. डबा बंद. मुठीत भरलेला पेला आणि भोकावर बोट.

"अगं ए! ऐकलंस का?"

उत्तर म्हणून दारावरची घंटा वाजली.

त्याने मोकळ्या हाताने कडी सरकवली. दारात घरमालक उभे. पांढरा शुभ्र शर्ट, चेहऱ्यावर तपासणीची तयारी.

"या काका. बसा ना."

"हे हातात काय?"

"रंग आहे. खाली भोक आहे."

"मग बोट काढा की!"

"काढलं तर तुमच्या फरशीवर सांडेल."

'तुमच्या फरशीवर' ऐकताच घरमालकांचा चेहरा बदलला. "डबा उघडून देता का?" असं तो विचारणार, एवढ्यात त्याच्या बोटाला पेटका आला. एक हिरवा थेंब टपकन फरशीवर पडला. दुसरा पडायच्या आत घरमालकांनी झेप घेऊन स्वतःचं बोट भोकावर दाबलं.

"भांडं आणा! धावा!"

तो भांडं पुसून आणेपर्यंत बायको कपड्यांचा ढीग घेऊन परतली. घरमालकांना पेला धरून पुतळ्यासारखे उभे पाहून ती जागीच थबकली. "अगंबाई! ह्यांनी तुम्हालाही लावलं का कामाला?"

भांडं खाली आलं. धारेच्या वेळेवरून रंग दाट की पातळ ते कसं मोजायचं, हे तपासनिसाने भराभर सांगितलं आणि घड्याळ हातात घेतलं. घरमालकांनी बोट काढलं. रंगाची रेशमी, सरळ धार पडू लागली आणि ते बघतच राहिले.

"किती मजेशीर आहे हो हे! मोजताय ना?"

"धार तुटली काका. वीस. अगदी बरोबर आहे."

"तुटली म्हणजे? पेल्यात अजून आहे! थेंब पडतायत बघा." शेवटचा थेंब पडेपर्यंत त्यांनी मोजलं. "साठ! दाट आहे. थिनर घाला."

"काका, थेंब धरायचे नसतात. धार तुटली की..."

"अर्धवट मोजायचं? माझ्याकडे अर्धवट काम चालत नाही."

तपासनिसाने बायकोकडे पाहिलं. बायकोने डोळ्यांनीच 'करार' असं बजावलं. त्याने निमूट थिनर घातलं. घरमालकांनी बाह्या सरसावल्या, पुन्हा मोजलं, पुन्हा थिनर घालायला लावलं. अखेरीस शेवटच्या थेंबासकट वीस भरले तेव्हा रंगाचं जवळजवळ सरबत झालं होतं.

"आता ब्रश इकडे द्या. तुम्ही नुसते मोजणारे. लावायचं काम मी करतो."

त्यांनी अख्खं दार रंगवलं. ओरखडा त्यांना दिसला की नाही देव जाणे. रंगवताना ते शीळ घालत होते. पण दोन पावलं मागे सरकून पाहिलं तेव्हा शीळ थांबली. दारावरून हिरवे ओघळ शांतपणे खाली उतरत होते, आणि त्यांच्यामधून जुना रंग डोकावत होता.

मग बायको पदर खोचून पुढे आली. वाकून तिने एकेक ओघळ बारकाईने न्याहाळला.

"काका, हे असं चालेल का हो? येणारे-जाणारे आम्हालाच नावं ठेवणार."

"नाही, म्हणजे... वाळल्यावर बसेल ते."

"ओघळ वाळल्यावर बसत नाहीत," तपासनीस हळूच म्हणाला. दिवसभरात पहिल्यांदाच त्याचं कुणी ऐकून घेतलं.

"आणि इथे बिजागरीवरही डाग पडलाय. घर सोडताना आमच्या नावावर यायचं हे."

"छे छे! मी लावलाय ना?" घरमालक ओशाळले. हिरवं बोट त्यांनी पाठीमागे लपवलं. "रविवारी येऊन घासून देतो सगळं. मीच येतो. आणि घर सोडायचं वगैरे मनातही आणू नका. करार पुढे चालू समजा."

"बघू," बायको गंभीरपणे म्हणाली. "आम्ही विचार करून कळवतो."

घरमालक मान डोलावत जिना उतरू लागले. रंग ओला असल्यामुळे दार लावता येत नव्हतं. त्यामुळे ते पार खाली पोचेपर्यंत दोघांना दारातच, ओठ घट्ट मिटून, नाराज चेहऱ्याने उभं राहावं लागलं.