शेडगे आण्णांची प्रकरणं

पंखा बंद करून शेडगे आण्णा ऑफिसच्या खोलीबाहेर पडायचे आणि अर्धा जिना उतरून पुन्हा वर यायचे. पंखा बंदच असायचा. "बगितल्यालं बरं," म्हणायचे.

कोयनानगरच्या आमच्या ऑफिसात वीजघराची माहितीपुस्तिका संगणकावर तयार होत होती. मजकुरात टॅग टाकायचे: इथे प्रकरण सुरू, इथे संपलं. प्रकरणाच्या पोटात विभाग, विभागाच्या पोटात उपविभाग. एक टॅग मिटवायचा, म्हणजे बंद करायचा राहिला, की पुढचं सगळं त्याच्याच पोटात शिरतं. एकदा आण्णांकडून 'तेल बदलणे' हा विभाग मिटवायचा राहिला आणि साहेबांचं आभारप्रदर्शन तेलात गेलं. तेव्हापासून ते माझ्या खुर्चीमागे उभे राहून धसका घेतल्यासारखे पुटपुटत, "पोरी, उगडलंस त्ये मिटीव आदी!"

'भूकंप झाल्यास' हा मजकूर साहेबांनी 'देखभाल', त्यात 'इतर', त्यात 'किरकोळ' इथे टाकायला सांगितला. साहेबांपुढे कधी तोंड न उघडणारे आण्णा टेबलाचा काठ धरून म्हणाले, "न्हाई साहेब. भ्यालेला मानूस इतक्या आत हुडकत बसत न्हाई. ह्येचं येगळं प्रकरण पायजे. पयलं."

साहेब हसले. "आण्णा, तुम्हाला सगळ्याचीच भीती."

"व्हय. म्हणून तर ठावं हाय."

त्याच आठवड्यात, दुपारी डबे उघडतोय तोच जमीन गुरगुरली. कपाट आडवं झालं, खिडक्या थडाथडा वाजू लागल्या. आम्ही किंचाळत धावलो. आमचं दार आपोआप लोटलं जायचं. आण्णा ते पाठीनं रेटून उभे होते. डोळे गच्च मिटलेले. "चला रं, चला!" साहेबसुद्धा त्यांच्या बगलेखालून निसटले. शेवटी मीच आण्णांना हाताला धरून मैदानात ओढलं.

धाप लागलेले साहेब एवढंच म्हणाले, "भूकंपाचं पहिलं प्रकरण करा."

जो तो घरी फोन लावत होता. आण्णा फोन हातात धरून नुसते उभे होते.

"लावा की, आण्णा."

"कुणाला?"

तेवढ्यात कडेगावहून माझ्या आईचा फोन आला. मला हुंदका आवरेना. फोन मी आण्णांकडे दिला.

"आवं ताई, पोरगी बरी हाय. हितंच हाय, माज्याजवळ."

आईचा आवाज मलाही ऐकू आला. "आन् तुमी वं? तुमाला काय लागलं न्हाई न्हवं?"

आण्णा माझ्याकडे पाठ फिरवून हळूच म्हणाले, "न्हाई ताई. मी बी हाय."