नगराची नव्हे म्हणोन वेशीबाहेर घातलेली बायजा

श्री. जी तारिते तीच मारिते, त्या आईस नमन करून लिहिणें. शके सोळाशें दोन, रौद्रनाम संवत्सरे, ज्येष्ठमासीं राज्यांत मरी शिरली आणि घरोघर प्रेतें पडूं लागलीं. मग महाराजांनीं देवीस कौल लाविला. कौल जाहला कीं, "नगरांत राहून नगराचें नव्हे ऐसें एक माणूस आहे. तें बाहेर जाईल तेव्हां मरी हटेल." मग हुकूम जाहला कीं, एकेकानें चावडीपुढें उभें राहावें आणि 'हें आमचें' ऐसें घरच्या कोणी बोलावें, ज्याविषयीं कोणी बोलणार नाहीं त्यानें दिवस मावळायचे आंत वेस सोडावी, आणि खोटी हमी देईल तोही जाईल.

सुभानजी नगारची याची बायको बायजा. ती नदीपलीकडली, अकरा वर्षांमागें लग्न होऊन आलेली, पोटीं लेंकरूं नाहीं, आणि मरी प्रथम नदीपलीकडेच उठली होती. कालपावेतों तिजकडून विरजण नेणाऱ्या बायका आतां तिची सावली टाळून उभ्या राहिल्या. कारभारी बोलिले, "हिला आपली म्हणणारें कोण आहे?" तिनें नवऱ्याकडे पाहिलें, तों त्यानें मान खालीं घातली. ती हळूच बोलिली, "धनी, दोनच शब्द बोला." तरी तो बोलेना. मग गर्दींतून तिची सासू काशाई पुढें आली. अकरा वर्षें सासूसुनेचा उभा दावा, हें गांवास ठाऊक. ती बोलिली, "मी बोलतें. रोज उठून मी भांडतें ती हिच्याशींच. परक्याशीं का कोणी रोज भांडतें? ही माझी." पुजारी ओरडले, "म्हातारी कौल मोडिते!" आणि लोकांनीं धोंडे उचलिले. तें पाहून महाराजही भ्याले आणि बोलिले, "दोघींनींही जावें." सासूनें बायजाचें मनगट धरून ओढिलें, "मागें बघूं नको." आणि मागें दरवाजा लागला.

तथापि मरी हटली नाहीं. चौथे दिवशीं महाराजांनीं फिरून कौल लाविला, तों देवीनें तेंच अक्षरशः सांगितलें. मग पुन्हां चावडी भरली आणि सुभानजीची पाळी आली. कारभारी बोलिले, "याच्या घरचें कोण आहे?" घरीं दोघीच होत्या, आणि त्या तर बाहेर.

नदीकांठीं दोघींनीं पाल्याची खोप केली होती, तेथें तो आला आणि दूर उभा राहिला. काशाईनें तोंड फिरविलें. बायजानें खोपीच्या तोंडचा पाला सारिला. मग बोलिली, "आंत या. उद्यां आणखी येतील. खोप वाढवावी लागेल."

येणेंप्रमाणें वर्तमान. मरी कार्तिकांत आपणच गेली. तोंवर वेशीबाहेर एकुणीस खोपी जाहल्या होत्या. मग महाराजांनीं दरवाजा उघडून परत बोलाविलें, परंतु आंत कोणी गेलें नाहीं.