न उघडायची आगगाडी

आमच्या कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या गृहस्थांना सगळे 'तज्ज्ञ' म्हणतात. (कशातले, ते अजून कळलेलं नाही.) एके दुपारी डबा खाता खाता त्यांनी माझ्या गुंतवणुकीची चौकशी केली. थोडे शेअर्स आणि थोडे सरकारी रोखे, असं मी अभिमानाने सांगितलं. मी शर्टाची बटणं खालीवर लावून आल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"अहो, एखाद्या वर्षी दोन्ही एकदम आडवे होतात. मग कुठे जाल? पोर्टफोलिओ डायव्हर्सिफाय करा. शेअर नाही, रोखे नाहीत, असं तिसरं काहीतरी घ्या. चित्रं घ्या, जुनी घड्याळं घ्या. हल्ली जुन्या खेळण्यांनासुद्धा भाव आहे. फक्त खोकं सीलबंद पाहिजे. एकदा उघडलं की किंमत पाव."

खेळणी म्हटल्यावर पुढचं मी काही ऐकलं नाही.

शाळेच्या वाटेवर एका दुकानाच्या काचेत चावीची आगगाडी होती. हिरवं इंजिन, तीन डबे, गोल रूळ, स्टेशन, सिग्नल आणि वरखाली होणारं फाटक. मी रोज काचेला नाक लावून उभा राहायचो. वडील म्हणायचे, "पुढच्या वर्षी घेऊ." ते वाईट नव्हते, त्यांचं पुढचं वर्षच कधी आलं नाही. मग मला मिशी फुटली, आणि मिशी असलेल्या मुलाला आगगाडी मागता येत नाही. पण हवी होती. पन्नाशी उलटल्यावरही हवी होती, हे आज पहिल्यांदाच कबूल करतोय.

पंधरा दिवसांत मी तीच गाडी शोधून काढली. सीलबंद होती. खोक्याच्या झाकणाला एक पारदर्शक खिडकी होती आणि तिच्यातून इंजिनाचं तोंड दिसायचं.

"हे काय?" बायकोने विचारलं.

"पर्यायी गुंतवणूक," मी म्हणालो. "हात लावायचा नाही. दहा वर्षं उघडायची नाही."

"मग करायचं काय तिचं?"

"वाढू द्यायची."

खोकं कपाटावर गेलं. रोज संध्याकाळी कचेरीतून आलो की मी स्टुलावर चढून गुंतवणुकीचा आढावा घ्यायचो. खिडकीतून इंजिन माझ्याकडे बघायचं, मी इंजिनाकडे बघायचो. लहानपणी मध्ये दुकानाची काच होती, आता माझीच होती, एवढाच फरक. दोनदा माझं नख सीलच्या कडेपर्यंत गेलं आणि तज्ज्ञांचा चेहरा आठवून परत आलं.

"शेअरचा आढावा घेताना तुम्ही तोंडाने झुकझुक करत नाही," बायको खालून म्हणायची.

आठ महिन्यांनी तज्ज्ञांनी एक गिऱ्हाईक आणलं. संग्राहक होते. दुप्पट द्यायला तयार होते. दुप्पट ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. पण रविवारी ते दोघं आले आणि खोकं खाली काढताना, परगावी निघालेल्या मुलीला निरोप देताना होतं तसं माझं झालं. मनातल्या मनात म्हणत होतो, या माणसाला गाडी आवडू नये.

संग्राहकांनी पांढरे हातमोजे घातले, भिंग काढलं आणि सील बराच वेळ पाहिलं.

"हे पुन्हा चिकटवलंय."

"शक्य नाही," मी म्हणालो. "मी हातही लावलेला नाही. माझ्या संयमाबद्दल कुणालाही विचारा."

त्यांनी सील अलगद सोडवून झाकण उचललं. इंजिन नाकाशी नेलं. "चाकांना ताजं तेल आहे. रुळांवर ओरखडे आहेत. गाडी रोज चालते, साहेब."

तज्ज्ञ माझ्याकडे बघू लागले. मी त्या इंजिनाकडे बघू लागलो. तेवढ्यात बायको चहाचा ट्रे घेऊन आली.

"शिवणयंत्राचं तेल आहे," ती म्हणाली. "घरात दुसरं नव्हतं."

मग शांतपणे कप मांडत तिने सगळं सांगितलं. किटलीच्या वाफेवर सील सुटतं. खळ लावली की परत बसतं. मुलगी नोकरीसाठी परगावी गेल्यापासून दुपारी घर खायला उठतं. म्हणून जेवण झालं की ती जमिनीवर रूळ मांडायची आणि पावणेसहाच्या आत सगळं खोक्यात भरायची. इंजिनाचं तोंड खिडकीकडे करून.

संग्राहक चहा पिऊन गेले. तज्ज्ञ चहा न पिता गेले.

माझी पर्यायी गुंतवणूक पाव किमतीवर आली होती, आणि खरं सांगतो, कित्येक वर्षांत मला इतकं हलकं वाटलं नव्हतं. नंतर मात्र राग आला. किमतीचा नव्हे. आठ महिने मी स्टुलावर उभा राहून झुरत होतो आणि ही खाली बसून गाडी चालवत होती.

"मला सांगायचं तरी," मी म्हणालो.

"तुम्हीच म्हणालात, हात लावायचा नाही." मग जरा थांबून म्हणाली, "दादाकडे अशीच होती. मला फार हवी होती. तो हातात देत नसे."

आम्ही टेबल सरकवलं आणि दोघं जमिनीवर बसलो. तिने सराईत हाताने रूळ जोडले, डबे लावले. मी इंजिनाला हात घातला, तर तिने तो बाजूला केला.

"तुम्ही फाटक सांभाळा."

"आणि गाडी कधी चालवू?"

"दादाकडे मी चार वर्षं फाटकावर होते," इंजिनाला चावी देत ती म्हणाली. "तुमचं काम बघून ठरवू."

पहिल्याच फेरीला फाटक उशिरा पाडलं म्हणून मला तोंडी मेमो मिळाला. तीस वर्षं नोकरी केली, पण कचेरीतसुद्धा मला इतक्या लवकर कुणी ओळखलं नव्हतं.