तांबेकाकांचे इंटरव्ह्यू

राई गावाहून येणारी मासेवाली आमच्या बिल्डिंगीत पाटी टेकवायची, तेव्हा तांबेकाका तिला विचारायचे, "आधी कुठे कामाला होतात? ते का सोडलंत?"

ती म्हणायची, "काका, बोंबील घ्याचं हाय का न्हाय, तेवडं बोला."

काका चेहरा सरळ ठेवून सांगायचे, "आज व्हेकन्सी नाही. बुधवारी अप्लाय करा."

कुठल्याशा कंपनीच्या पर्सोनेल खात्यात हेडक्लार्क म्हणून जन्म काढलेला माणूस. रिटायर होऊन पेणकरपाड्याला आमच्या शेजारी एकटाच राहायला आला, पण डोक्यातलं खातं काही बंद झालं नाही. दूधवाल्या भैयाला विचारणार, "आपका नोटिस पीरियड कितना है?" भांडीवाल्या शांताबाईंना त्यांनी आधी प्रोबेशनवर ठेवलं, मग 'कन्फर्म' केलं आणि वर पेढा दिला. तेव्हापासून बाई आमच्याकडेही पेढा मागतात.

नोकरी शोधणाऱ्या पोरांना मात्र काकांचा मोठा आधार. रोज संध्याकाळी फुकट शिकवणी. रेफरन्स कोणाचा द्यायचा, पगाराचं एक्स्पेक्टेशन विचारलं तर काय बोलायचं, सगळं इंग्रजीत घोटून घ्यायचे. मग टेबलापलीकडे टाय लावून बसायचे आणि खोटा इंटरव्ह्यू घ्यायचे. टायखाली लेंगा असायचा, ते सोडा.

माझी नणंद उज्ज्वला त्यांची लाडकी कँडिडेट. आमच्या ह्यांचा भाईंदरचा भांड्यांचा कारखाना बंद पडलेला, त्यामुळे सगळी भिस्त तिच्यावर. पण इंटरव्ह्यूचा कॉल आला की काका मान हलवायचे. "गुड, बट नॉट रेडी." असे दोन कॉल हातचे गेले. पोरगी त्यांच्या शब्दाबाहेर नाही. तिसरा आला गोरेगावच्या ऑफिसातून, सोमवारचा. काका पुन्हा तेच म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. इथे घरात चूल पेटायची पंचाईत आणि काकांचं आपलं नॉट रेडी! पदर खोचला आणि तडक गेले.

"काका, आमची पोरगी कशात कमी पडतेय, ते आज सांगाच."

काका टेबल पुसत होते. पुसतच राहिले. मग म्हणाले, "कशातच नाही वहिनी. दिवाळीपासून पास आहे ती."

"मग?"

"वरचा इक्बाल लागला, परबांची मुलगी लागली. लागले की परत कोणी येत नाही. येणार तरी कधी? दमून घरी येतात बिचारे. उज्ज्वलाही लागली, की ह्या टेबलापलीकडे कोण बसणार?" "चुकलं माझं. सोमवारी पाठवा तिला. मी सोबत जातो."

भांडायला गेलेली मी, मलाच गलबलून आलं. दोन कॉल घालवल्याचा राग होताच, पण त्या रिकाम्या घरात तो काढायचा कोणावर?

समोरची खुर्ची ओढली आणि बसले.

"उद्यापासून मी येते. पोळ्या आटोपल्या की."

काकांनी हळूच टाय नीट केला.

"एक्स्पीरियन्स?"

"लग्न झाल्यापासून एकाच ठिकाणी आहे. बढती नाही, रजा नाही."

"सोडायचं कारण?"

"सोडायचं कुठंय काका? संध्याकाळचा एक तास तेवढा मोकळा आहे."