गुप्तेकाकांची शिकार

आमच्या ब्लॉकमधले गुप्तेकाका बाजारातून बदक आणायला निघाले की आधी बोट ओलं करून हवेत धरतात आणि वारा कुठून येतोय ते बघतात. मग ज्या बाजूने वारा तोंडावर येईल त्या बाजूने बाजारात शिरतात आणि खांबाआड थांबत थांबत कोंबड्या-बदकांच्या गाळ्याकडे सरकतात. तिथे बदक बर्फावर पडलेलं असतं, पिसं काढलेलं, मान वाकडी. आपला वास लागून ते उडून जाईल अशी भीती फारशी नसते. पण काकांचं म्हणणं, "पुणेकर, सवय मोडायची नाही. वारा बघा, वारा!"

पुणेकर म्हणजे मी. इथे परदेशात, वुडलँड्सला त्यांच्याच मजल्यावर राहतो, वन-नॉर्थला नोकरी करतो आणि रविवारी सकाळी छान झोप सोडून, खाकी टोपी घातलेल्या या म्हाताऱ्या गृहस्थामागून वाकून चालतो. आमच्या घरात कधी अंडंसुद्धा शिजलेलं नाही. आईला मी यातलं अजून काही कळवलेलं नाही.

गाळ्यावरचा चिनी अंकल आता आम्हाला सरावलाय. "अंकल, डक कॅनॉट फ्लाय लाह!" तो लांबूनच ओरडतो. काका ओठांवर बोट ठेवतात. शिकारीत बोलायचं नसतं.

घरी स्वयंपाकघराच्या दारात, खिडकीकडे तोंड करून काकू बसलेल्या असतात. काकू विसरायला लागल्या आहेत. आधी चष्मा, मग किल्ल्या, मग ऑस्ट्रेलियातल्या मुलीचं नाव. मला त्या कधी पुणेकर म्हणतात, कधी त्यांच्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारतात, मीही ओ देतो. त्याहून वाईट म्हणजे मधूनच त्या बोलायच्याच थांबतात. त्यांना बोलतं ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलंय. त्यावर काकांनी शोधून काढलेला उपाय म्हणजे हे बदक.

एप्रन बांधून काका कामाला लागतात. बदकाला हळद-मीठ आणि कोकमाचं आगळ चोळायचं, म्हणजे समुद्रावरच्या पाखराचा हिवस वास जातो. या बदकाने जन्मात समुद्र पाहिलेला नसतो, पण आगळ चुकत नाही. मग सुकं खोबरं आणि कांदा भाजायचा, मिरी, लवंग. जेवायला बसल्यावर माझ्या पानाकडे बघत ते बजावतात, "दात सांभाळा. छर्रा असेल." छर्रा नसतो, पण मी बेताने चावतो. कोण वाद घालणार?

आणि हे सगळं चालू असताना गोष्ट. उरणकडची मिठागरं, थंडीतली पहाट. धुक्यात पाणी कुठे संपतं आणि मीठ कुठे सुरू होतं ते कळत नाही. सगळीकडे नुसतं पांढरं, आणि त्या पांढऱ्यात कुठेतरी पाखरांची कुजबुज. काका आवाज इतका खाली आणतात की कुकरची शिट्टीसुद्धा आगाऊपणाची वाटते. खिडकीतून जोहोरच्या सामुद्रधुनीवरचा वारा आत येतो, खोबऱ्याचा वास घरभर फिरतो, आणि मी पंख्याखाली बसलोय की बांधावर पालथा पडलोय ते मला काही वेळ खरंच सांगता येत नाही.

"मी दुनळी बंदूक उचलली," काका कुजबुजतात, "समोर पाण्यात अडयांचा थवा. अडई म्हणजे शीळ घालणारं बदक हो, पुणेकर. झाडावर म्हणून कधी बसायचं नाही."

"अहो, काय सांगताय!" काकू खुर्चीतून ताडकन बोलतात. "अडई झाडावर बसते! तळ्याकाठच्या झाडावर नुसती रांग लागायची. आणि दुनळी तुम्ही कुठली उचलताय? तुम्ही होतात कुठे तिथे? बाबा होते!"

"असं होय," काका पडेल चेहऱ्याने म्हणतात आणि रश्श्यासाठी टोमॅटो चिरायला घेतात.

"टोमॅटो? बाबांनी पातेलं अंगणात भिरकावलं असतं!"

मग काकू सुरू होतात. बाबांच्या मागून चिखलातून चालणं, पाखरांची पिशवी, पिसं काढताना येणाऱ्या शिंका. डोळे लकाकतात, हातवारे होतात. त्या थाळीभर जेवतात आणि वर मीठ कमी पडल्याचंही ऐकवतात.

एकदा लिफ्टची वाट बघताना मी काकांना विचारलं, तुम्ही नक्की किती शिकारी केल्यात?

"मी?" काका दचकले. "अहो, मी बँकेतला माणूस. दिवाळीत फुलबाजीसुद्धा हात लांब करून धरतो. शिकारी तिचे वडील. ती फ्रॉकमध्ये असताना त्यांच्याबरोबर जायची. मी तेव्हा गिरगावात पाढे पाठ करत होतो."

"मग बाजारातलं ते वाकून चालणं?"

"ते ती शिकवते तसं करतो. घरी गेल्यावर विचारते ना, वारा बघितलात का म्हणून." जरा थांबून ते म्हणाले, "खरं सांगितलं की ती नुसतं ऐकते. चुकीचं सांगितलं की तिला राहवत नाही. लग्न झाल्यापासून माझ्या चुका काढतेय, तेवढं अजून विसरलेली नाही. ज्या दिवशी माझी चूक तिच्या कानावरून जाईल ना, पुणेकर…" लिफ्ट आली. काका आत शिरले.

डिसेंबरात ईशान्येचा वारा सुरू झाला आणि काकू मिटत गेल्या. काकांनी चुका वाढवल्या, गोष्टीत अडयांना पाण्यावर झोपवलं, पाखरांना हळद वर्ज्य केली. काकू गप्पच. एका रविवारी तर काकांनी रश्श्यात चक्क चमचाभर साखर टाकली आणि आशेने खुर्चीकडे बघितलं. काकू खिडकीबाहेर बघत होत्या. मला ते बघवेना.

शेवटी काकांनी सगळ्यात मोठी थाप काढली.

"आणि त्या दिवशी कलहंस पडला," ते म्हणाले. "एवढा मोठा हंस! खोल पाण्यात. कुणाची हिंमत होईना. मग मीच उतरलो. कमरेएवढ्या चिखलातून गेलो आणि घेऊन आलो."

काकूंनी मान वळवली. काकांचा चेहरा उजळला. हातातला डाव तसाच धरून, बोलणी खायला ते अगदी तयार उभे राहिले.

काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "खरंच उतरले हो हे. बाबा बांधावरून ओरडत होते, अहो परत फिरा, परत फिरा. हे ऐकतात कुठे! हंस छातीशी धरून हसत हसत आले. मी तिथेच होते ना."

मी काकांकडे बघितलं नाही. काकू बोलल्या होत्या, कितीतरी दिवसांनी बोलल्या होत्या. पण चूक काढली नव्हती.

"काय गार पाणी होतं," काकू म्हणाल्या. मग त्या खाली काकांच्या पावलांकडे बघू लागल्या. "अहो, पाय अजून ओले आहेत तुमचे. पुसा बघू. आजारी पडाल."

काकांनी गॅस बारीक केला. खुंटीवरचा टॉवेल घेतला, काकूंच्या समोर स्टूल ओढून बसले आणि आपले कोरडे पाय पुसायला लागले. आधी एक, मग दुसरा, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा, काकू पुरे म्हणेपर्यंत.